सरलाबाईला भांडायला माणूस हवं

"वर्षा, हाण की गाडी! हाण!"

"आई, पुढे ट्रक आहे."

"मग सरक म्हण ना त्याला! तोंड नाही का तुला?"

वर्षाने हॉर्न दाबला. पर्वत पाटियाच्या चौकात आधीच इतके हॉर्न वाजत होते की तिचा हॉर्न त्यात मिठासारखा विरघळून गेला. ट्रकवर कापडाच्या गाठी रचलेल्या, दोरखंडाने आवळलेल्या. ऊन त्यांच्यावरून घरंगळत खाली मोपेडवर येत होतं. मागे एका बाजूला पाय सोडून बसलेल्या सरलाबाईने पदर कानांमागून घट्ट ओढला, सुनेच्या खांद्यावरून पुढे वाकली आणि स्वतःच ओरडली, "ओ ट्रकवाला! हटो! आखाजी है आज!"

ट्रक हलला. सिग्नल सुटला म्हणून हलला, पण सरलाबाईला तसं वाटलं नाही.

सगळी सुरत ज्या दिवसाला अक्षय्य तृतीया म्हणते आणि सराफाच्या दुकानात गर्दी करते, त्या दिवसाला लिंबायतच्या खान्देशी घरांत आखाजी म्हणतात. सरलाबाईच्या घरी सकाळीच पितरांची घागर भरून झाली होती, तिच्या तोंडावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवून झालं होतं, सांजोऱ्या तळून झाल्या होत्या. नवरा लोटू पत्ते खेळायला गेला होता, कारण आखाजीला पुरुषांनी पत्ते खेळायचे असतात आणि बायकांनी त्यांना काही बोलायचं नसतं. बायकांना त्या दिवशी बोलायला दुसरं कुणी असतं.

शेवटची सांजोरी कढईत असताना खाडीपलीकडून एक मुलगी निरोप घेऊन आली होती. धुरपदाबाई येणार नाही. कामरेजहून फोन आला होता.

"येणार नाही म्हणजे?" सरलाबाई म्हणाली. झारा हातात तसाच, सांजोरी काळी व्हायला लागलेली. "मग मी कुणाशी भांडू?"

ही थट्टा नव्हती. तिचं सगळं आयुष्य या एका प्रश्नाभोवती उभं होतं, आणि ते समजायचं तर खापरदरे हे गाव समजायला हवं.

खापरदरे अमळनेरहून आत, खूप आत. मधून एक नाला जातो. नाल्याच्या चढाच्या बाजूला वरली गल्ली, उताराच्या बाजूला खालली गल्ली. या गावाचा इतिहास कुणी लिहिला नाही. लिहिण्यासारखं तिथे काही घडलंही नाही. लढाई नाही, किल्ला नाही, एखाद्या राजाचा घोडासुद्धा तिथे पाणी प्यायला थांबला नाही. पण जे काही घडलं ते टोमण्यांत राहिलं. चैत्रात बसवलेली गौराई आखाजीच्या संध्याकाळी नाल्यावर निघाली की दोन्ही गल्ल्यांच्या बायका दोन काठांवर उभ्या राहायच्या आणि एकमेकींच्या गल्लीची लक्तरं वेशीवर टांगायच्या. मोठ्याने, हातवारे करून, नातीगोती विसरून.

गावात पहिली एसटी आली तेव्हा खालल्या गल्लीचे लोक देवळात शिरावं तशा चपला खाली काढून चढले, आणि एसटी चपला सोडून निघून गेली. हे वरल्या गल्लीने ठेवलं. वरल्या गल्लीने पहिली सायकल आणली, तिला हळदकुंकू लावलं, हार घातला आणि चालवता कुणाला येईना म्हणून बैलगाडीत घालून गावभर मिरवली. हे खालल्या गल्लीने ठेवलं. कुणाचा नवरदेव फोटोवाल्याला भिऊन धान्याच्या कोठीत लपला, कुणाच्या पाहुण्याने सांगितलेल्या जागी विहीर खणली आणि तिला अजून कोरडी विहीर म्हणतात, पंचायतीच्या पहिल्या निवडणुकीत कुणाच्या बैलाने मतपत्रिका खाल्ल्या. एका गल्लीची फजिती दुसरी गल्ली जिवापाड सांभाळायची. आपली फजिती माणूस विसरतो, दुसऱ्याची विसरत नाही. म्हणून ते गाव टिकलं.

या भांडणाला नियम होते. कुणाच्या कुशीवर बोलायचं नाही, कुणाच्या भाकरीवर नाही, दुखण्यावर नाही. लग्नाच्या टोमण्याला लग्नाचा, गुराच्या टोमण्याला गुराचा. त्या दिवशी भांडण मिटेपर्यंत समोरच्या काठचं पाणी प्यायचं नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम हा की टोमण्याला उत्तर यायलाच हवं. उत्तर आलं की तो फिटला. नाही आलं, तर तो ऐकणारीला चिकटत नाही, बोलणारीच्याच घरी वस्तीला येतो आणि वर्षभर राहतो. म्हणून वार करणारीलाच वार परत येण्याची ओढ जास्त.

पुढे गाव सुरतेला आलं. एकदम नाही, एकेक भाऊ, एकेक मेहुणा, लूमच्या खात्यावर, म्हणजे मागांच्या कारखान्यात, कामाला लागत गेला. ज्याला त्याला आपल्या भाऊबंदाशेजारी खोली हवी होती, त्यामुळे कुणी न ठरवता वरली गल्ली लिंबायतच्या खाडीच्या या काठाला वसली आणि खालली गल्ली त्या काठाला. नाल्याच्या जागी खाडी आली. पाणी असं की त्यात गौराई सोडली तर तीच नाक दाबून परत येईल, म्हणून दोन्ही काठांवर मोठे प्लास्टिकचे टब ठेवतात आणि त्यात सोडतात. बाकी सगळं तसंच चालू राहिलं.

सरलाबाईचं माहेर वरल्या गल्लीच्या एका टोकाला आणि सासर दुसऱ्या टोकाला. लग्नाची वरात निघाली तेव्हा बँडवाल्यांचं एक गाणं पुरं व्हायच्या आत सासर आलं होतं. लोटूबरोबर ती सुरतेला आली ती मोठ्या आवाजाची बाई म्हणून नव्हे. सासूपुढे तिचा आवाज ओठांतच मरायचा. पण लोटूचं खातं घराच्या भिंतीला लागून होतं. दिवसरात्र मागांचा खडाखड आवाज, भांडी फळीवर थरथरायची, कुंकवाची डबी आपोआप सरकत सरकत कडेला यायची. भाकरी झाली हे सांगायला ओरडावं लागायचं. मग लोटूचे कान गेले, जसे तिथल्या बहुतेकांचे जातात, आणि घरात आल्यावरही ओरडावंच लागलं. मुलाला, कुंदनला, तिने अंगाईसुद्धा ओरडून म्हटली. साड्यांना टिकल्या चिकटवून देण्याचं काम ती घरी करायची. मान खाली, बोटांना डिंक, दिवसभर गप्प. आणि त्या गप्प राहण्याच्या तळाशी वर्षभर टोमणे शिजत असायचे.

पहिल्यांदा ती खाडीवर बोलली तेव्हा पलीकडून एक उंच, काळीसावळी बाई पुढे आली आणि पुरुषासारख्या घोगऱ्या आवाजात म्हणाली, "कोण व ही? वरल्या गल्लीने भोंगा लावला का?"

ती धुरपदाबाई. तेव्हापासून दोघींची जोडी जमली. मैत्री नव्हती. एकमेकींच्या घरी जाणं नाही, हळदीकुंकवाला बोलावणं नाही. बाजारात समोर आल्या तर मान हलवून पुढे. पण साडीवर टिकली ठेवताना सरलाबाई मनात जिच्याशी बोलायची ती धुरपदाबाई होती. अमुक म्हटलं तर ती काय म्हणेल, ती तमुक म्हणाली तर मी काय म्हणेन. नवऱ्याचा चेहरा तिला एवढा पाठ नव्हता जेवढी त्या घोगऱ्या आवाजाची चढउतार पाठ होती.

दिवाळीनंतर धुरपदाबाईच्या मुलाने, ललितने, कामरेजला फ्लॅट घेतला आणि आईला तिकडे नेलं. सरलाबाई म्हणाली होती, गेली तर गेली, आखाजीला येईल. न येऊन जाते कुठे?

आणि आता येणार नव्हती.

सरथाणा मागे पडलं. वारा तापून तोंडावर येत होता. सरलाबाई वाऱ्याविरुद्ध बोलत होती.

"सुनेने अडवली असेल. शाळेत शिकवते ना ती. आपल्या सासूने गटाराच्या काठी उभं राहून ओरडायचं म्हणजे लाज वाटली असेल."

"आई, असं नसेल."

"तुला काय कळतं? तू तर आखाजीला दगडासारखी उभी असतेस."

वर्षाने मोपेडचा वेग वाढवला. ती लिंबायतमध्येच जन्मलेली, खापरदरे तिने लग्नानंतर एकदाच बघितलं होतं, तेही कुलदेवतेच्या पाया पडून लगेच परत. मार्केटमध्ये साड्यांच्या घड्या घालायला जायची, तिथे गुजरातीत बोलायची, मुलीशी हिंदीत. खाडीवर ती मुलीचा हात धरून मागे उभी राहायची. सगळ्याच तरुण बायका तशा उभ्या राहायच्या. काही फोनवर शूटिंग करायच्या.

"संध्याकाळच्या आत आणायची तिला," सरलाबाई म्हणाली. "समोरच्या काठावर कुणी नसलं ना, वर्षा, तर मी एकटीच बडबडणारी वेडी बाई. आणि मी गप्प बसले तर मग झालंच. पुढच्या वर्षी टब पण कुणी ठेवणार नाही."

कामरेजची ती सोसायटी नवीकोरी होती. रंगाचा वास अजून गेला नव्हता. मधे फरशीचं मोठं अंगण, चारी बाजूंनी इमारती, गेटवर खुर्चीत वॉचमन. सरलाबाई लिफ्टला भिते हे वर्षाला माहीत होतं, पण आज ती लिफ्टमध्ये आधी शिरली.

दार उज्ज्वलाने उघडलं, धुरपदाबाईच्या सुनेने. तिने दोघींना बघितलं आणि तिचा चेहरा खुलला. "या मावशी, बरं झालं आलात. सकाळपासून घास नाही घेतला त्यांनी."

धुरपदाबाई स्वयंपाकघरात खाली बसून आमरसासाठी आंबे पिळत होती. हात मनगटापर्यंत पिवळे. तिने वर बघितलं नाही.

"उनी का व? बस."

"बसायला नाही आले. चाल."

"मी काय येत नही."

"सुनेने अडवलं?"

"मी कशाला अडवू मावशी?" उज्ज्वला म्हणाली. "मीच म्हणते आहे, जा. इथे आल्यापासून यांचा आवाज ऐकलेला नाही मी. शेजारणी विचारतात, तुमच्या सासूबाई बोलत नाहीत का."

"मग पाय दुखतोय?" सरलाबाईने विचारलं.

"नही."

"आवाज बसला?"

"नही व माय."

"मग झालं तरी काय तुला? गौराई रुसल्यासारखी बसलीस ती!"

धुरपदाबाईने कोय पिळून बाजूला टाकली. सालीच्या आतला रस चमच्याने खरवडून काढला. मग म्हणाली, "संपलं."

"काय संपलं?"

"गाव."

सरलाबाई उभीच होती. ती आता दाराच्या चौकटीला टेकली.

"गेल्या वर्षी मी सायकलचं काढलं," धुरपदाबाई म्हणाली. "आठवतं? तर तुमच्याकडच्या पोरी काय म्हणाल्या? 'आजी, ये तो हो गया.' हो गया म्हणे! खरंच होतं ते. आदल्या वर्षी पण तेच बोलले होते. घरी येऊन आठवत बसले. विहीर झाली, चपला झाल्या, कोठीतला नवरदेव झाला, बैल झाला. जे आठवावं ते बोलून झालेलं. आणि नवीन कुठून आणू? तिथे आता काही घडत नाही, सरले. घडायला माणसं लागतात. घरांना कुलपं आहेत. कुलपाचा काय टोमणा करू?"

  सरलाबाई ज्या गोष्टीचं नाव स्वतःशीसुद्धा घेत नव्हती ती या बाईने आंबे पिळता पिळता बोलून टाकली होती. तिचीही पोतडी रिकामी होती. या वर्षी टिकल्या चिकटवताना तिने गावातलं प्रत्येक घर, प्रत्येक गोठा मनात उलटापालटा करून पाहिला होता, आणि हाताला लागलं होतं ते सगळं वापरून गुळगुळीत झालेलं.

पण हे ती धुरपदाबाईला कशाला सांगेल?

"म्हणजे खालली गल्ली हरली म्हण ना," ती म्हणाली.

"हरली म्हण. जा."

"अशी नाही हरता येत! काठावर उभं राहून हरायचं असतं!"

"मावशी, पाणी तरी घ्या," उज्ज्वला ग्लास घेऊन आली.

"आज तुमच्या काठचं पाणी चालत नाही मला," सरलाबाई म्हणाली आणि वळली. लिफ्टची वाट न बघता जिन्याने उतरायला लागली. वर्षा मागे धावत होती. "आई, सावकाश! आई, रागावू नका!"

सरलाबाई रागावलेली नव्हती. तिला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की तिचे पाय जोरात पडायचे.

अंगणाच्या बरोबर मधे ती थांबली. दुपार कलली होती, इमारतींच्या सावल्या निम्म्या फरशीवर आल्या होत्या. तिने वर बघितलं. वरच्या एका गॅलरीत उज्ज्वलाचे कपडे वाळत होते. सरलाबाईने पदर कमरेला खोचला.

"आई, नाही हं," वर्षा कुजबुजली. "इथे नाही. प्लीज."

"ओ खालली गल्ली!"

आवाज चारी भिंतींवर आपटून परत आला. कबुतरं उडाली. वॉचमन खुर्चीतून उठला.

"ओ खालली गल्ली! एसटीला पाया पडणारे! चपला सापडल्या का तुमच्या अजून?"

गॅलरी गप्प. बाजूच्या दोन खिडक्या मात्र उघडल्या.

"कोनुं काम छे, बेन?" वॉचमन जवळ येऊन विचारू लागला.

"भांडायचं काम आहे, भाऊ. थांब जरा."

"शुं?"

"काका, दोन मिनिट," वर्षा गुजरातीत त्याला समजावू लागली, "ए तो तहेवार छे अमारो. साचो झगडो नथी." वॉचमनला काही पटलं नाही, पण सण म्हटल्यावर तो थोडा मागे सरला.

"कोठीतले नवरदेव!" सरलाबाईने पुन्हा तोंड वर केलं. "धान्यासोबत किडे निघाले का नवरदेवाच्या फेट्यातून?"

गप्प. आता गॅलऱ्या भरायला लागल्या. गाऊन घातलेल्या बायका, बनियनवरचे पुरुष, चहाचे कप. कुणीतरी वरून विचारलं, "झगडो थयो?" दुसऱ्याने उत्तर दिलं, "मराठी लागे छे." सरलाबाईला त्यांचं काही नव्हतं. तिला एकच गोष्ट कळत होती. दोन टोमणे सुटले होते आणि फिटले नव्हते. ते वर कुठेतरी, वाळत घातलेल्या कपड्यांच्या आसपास घिरट्या घालत होते, आणि उत्तर आलं नाही तर सरळ तिच्या घरी येणार होते. कुंदनच्या घरी. नातीच्या उशाशी.

"आई, चला. लोक बघताहेत."

"बघू दे."

तिने तिसरा टोमणा शोधला. विहीर. नको, ती फजिती वरल्या गल्लीचीच. गुरं. कुणाची गुरं? मनात तिने नाला ओलांडला, खालल्या गल्लीत शिरली, एकेका दाराशी उभी राहिली. सगळीकडे कुलूप. गल्लीच्या टोकापर्यंत गेली. तिथेही कुलूप. 

तेव्हा वर गॅलरीचं काचेचं दार सरकलं.

धुरपदाबाई बाहेर आली. वाळणारी चादर तिने एका बाजूला लोटली, चादरीवर पिवळा पंजा उमटला. कठड्यावर दोन्ही हात टेकून ती वाकली. उज्ज्वला मागे तोंडावर हात ठेवून उभी होती.

"वरली गल्लीनी सरले!" तो घोगरा आवाज आला, आणि सरलाबाईच्या अंगावर काटा उभा राहिला. "पुरमा बुडी राहिंथी, अन् होडीवाल्याले काय इचारं व तू? शेअरिंगमा कितलं लेशी?"

क्षणभर सरलाबाईला समजलंच नाही. मग समजलं.

लिंबायतच्या खाडीला पूर आला होता तेव्हाची गोष्ट. पाणी छातीपर्यंत, कुंदन लहान, लोटू खात्यावर अडकलेला. लोकांना काढायला सरकारी होडी गल्लीत आली होती. आणि आयुष्यभर लिंबायतच्या रिक्षांशी घासाघीस केलेल्या सरलाबाईने, कडेवर पोर आणि डोक्यावर मिक्सर घेऊन, त्या होडीवाल्याला विचारलं होतं की शेअरिंगमध्ये किती घेणार? होडीतल्या पोलिसालासुद्धा हसू आलं होतं.

"वरली गल्ली ती वरली गल्ली!" वरून धुरपदाबाई गरजत होती. "यमाच्या रेड्यावर बसताना पण भाव करतील! म्हणतील, परत येताना रिकामाच येशील ना, मग कमी कर!"

ज्यांना मराठी कळत होतं ते हसले, आणि त्यांनी सांगितल्यावर बाकीचे हसले. वॉचमन पण हसला.

"हे चालत नाही!" सरलाबाई ओरडली. "हे गावातलं नाही! हे सुरतेतलं आहे!"

"मग सुरतेत काय मी एकटी राहते? बुडत कोण होतं? वरली गल्लीच बुडत होती ना?"

   पुराबद्दल सरलाबाईकडे काहीच नव्हतं. तिने कधी ठेवलंच नव्हतं. एवढी वर्षं ती धुरपदाबाईला खापरदऱ्यात शोधत होती, आणि ही बाई खाडीच्या पलीकडून रोज तिला बघत होती. बघून ठेवत होती.  हे हरणं होतं, आणि त्यात असा विलक्षण आनंद होता की तिला तो कुठे ठेवावा कळेना.

"काय व? बोल ना!" धुरपदाबाईने वरून पिवळा हात नाचवला. "भोंगा बंद पडना का?"

"आणि तुम्ही काय केलंत, आजी?"

आवाज चिरका होता, मधे फाटलेला. सरलाबाईने वळून बघितलं. वर्षा होती. मोपेडची किल्ली मुठीत घट्ट धरलेली, मान लाल झालेली.

"आम्ही शाळेच्या गच्चीवर होतो तेव्हा," वर्षा ओरडली. "मी छोटी होते, मला सब याद आहे! खालली गल्ली पण होती त्याच गच्चीवर. दोन दिवस कुणी जेवलं नव्हतं. होडीतून पुरीभाजीची पाकिटं आली. सगळे हात जोडत होते. आणि एक उंच आजी पाकीट उघडून बघते, नाक मुरडते आणि होडीवाल्याला विचारते, 'यासोबत ठेचा नाही का?'"

अंगणात हशा फुटला. उज्ज्वलाने गॅलरीत कठडा धरला आणि खाली बसली, इतकी ती हसत होती.

"नाही म्हटल्यावर," वर्षाला आता थांबवणं शक्य नव्हतं, "नाही म्हटल्यावर म्हणाल्या, 'मग घेऊन जा परत!' आणि खरंच परत दिलं! आणि होडी गेल्यावर रडायला लागल्या, 'कुणीतरी बोलवा रे त्याला!' खालली गल्ली उपाशी मरेल, पण फिकं खाणार नाही!"

जेवणाचा टोमणा नव्हता, भाकरीवर बोलणं नव्हतं. सरलाबाईने घाईघाईत नियम तपासून पाहिला. नाही, हे चालत होतं. हे जिभेच्या चोचल्यावर होतं. हे अगदी चालत होतं!

वर धुरपदाबाई सरळ उभी राहिली. डोळ्यांवर आडवा हात धरून तिने खाली बघितलं.

"कोण व ही? कुणाची?"

"माझी!" सरलाबाई ओरडली. "माझी सून आहे! कुंदनची बायको!"

"एवढे दिवस कुठे लपवली होतीस? कोठीत?"

"तू खाली ये, मग सांगते!"

"येतेच थांब! उज्ज्वला, माझं ते हिरवं लुगडं काढ. आणि तू पण चल. नुसती हसतेस काय? त्या वर्षी सरलेच्या नवऱ्याने पुरात काय केलं होतं ते सांगते तुला वाटेत, तू ओरड. माझा आवाज पुरवून वापरायचा आहे."

रिक्षा मागवली ती उज्ज्वलाने. धुरपदाबाई आणि तिची सून रिक्षात, वर्षा आणि सरलाबाई मोपेडवर. भांडण मिटलेलं नव्हतं, त्यामुळे एकत्र बसायचा प्रश्नच नव्हता. वॉचमनने गेट उघडलं आणि विचारलं की हा सण कुठे असतो. वर्षाने पत्ता सांगितला. वाटेत प्रत्येक सिग्नलला रिक्षा आणि मोपेड शेजारी थांबल्या की दोन्ही म्हाताऱ्या एकमेकींकडे न बघता समोर बघत बसायच्या, ओठ घट्ट मिटून. तोंडात साठवलेलं सांडू नये म्हणून.

खाडीवर दोन्ही काठांना बायका येऊन थांबल्या होत्या. टब भरले होते. खालल्या काठाला धुरपदाबाईला बघून आरोळी उठली. तिने वेळ घालवला नाही. होडीचंच पुन्हा सांगितलं, जास्त तिखटमीठ लावून, आणि मागे फोन धरून उभ्या असलेल्या मुलींनी फोन खाली केले. हे त्यांना माहीत होतं. ही होडी त्यांच्या गल्लीत आली होती. ज्यांनी ती पाहिली नव्हती त्यांनी घरात ऐकली होती.

वर्षाने ठेच्याचं सांगितलं. मग वरल्या काठावरची एक कॉलेजात जाणारी मुलगी अचानक ओरडली की खालल्या गल्लीचा एक भाऊ गरबा शिकायला क्लास लावून आला आणि पहिल्याच फेरीत उलट्या दिशेने फिरून सगळी रांग पाडली. पलीकडून उत्तर आलं की वरल्या गल्लीच्या एका मावशीने मॉलमधल्या सरकत्या जिन्याला आधी नमस्कार केला आणि मग त्याच्यासमोर पाऊण तास उभी राहिली, तो थांबायची वाट बघत. मराठी, अहिराणी, मधेच गुजराती, शिव्या हिंदीत. कुणी मोपेडसह खड्ड्यात गेलेलं, कुणी दुसऱ्याच्याच लग्नात जेवून आहेर करून आलेलं. उज्ज्वला मास्तरणीच्या स्वच्छ आवाजात ओरडत होती आणि प्रत्येक वाक्यानंतर धुरपदाबाई तिच्या पाठीवर थाप मारत होती. खाडीच्या दोन्ही काठांवर इतका गोंगाट झाला की पत्ते टाकून पुरुष बघायला आले. लोटूलासुद्धा ऐकू आलं. तो कानाला हात लावून उभा राहिला आणि हसू लागला.

नुसतं फिटत होतं. एक टोमणा खाली पडायच्या आत दुसरा निघत होता.

सरलाबाई काठावर सगळ्यांच्या पुढे उभी होती, जिथे ती दर वर्षी उभी राहायची. तिला आत्ताच एक आठवलं होतं. धुरपदाबाईचं, लिंबायतच्या भाजीबाजारातलं, स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं. बघितलं तेव्हा ती मान हलवून पुढे गेली होती. एवढं चांगलं होतं ते! ती तोंड उघडायची, श्वास घ्यायची, आणि प्रत्येक वेळी मागून कुणाचा तरी आवाज तिच्या डोक्यावरून पलीकडे जायचा. तिने हात वर केला. कुणी बघितलं नाही. तिने वर्षाचा पदर ओढला. वर्षा ओरडण्यात दंग होती.

"ए पोरींनो!" सरलाबाई टाचा उंचावून म्हणाली, पदर ओढतच राहिली. "आते मी! थांबा ना व! आते मी बोलस!"